कालेजवाले

इंटरचा, म्हणजे बारावीचा, निकाल लागला की आठवड्याच्या आत आदिलाबाद जिल्ह्यातल्या आमच्या नार्नूरच्या स्टँडवर नवे चेहरे उतरू लागतात. एरवी आमच्याकडे बाहेरून येणारा माणूस म्हणजे कापसाचा व्यापारी, बँकेचा वसुलीवाला, नाहीतर उतनूरच्या आयटीडीए या आदिवासी विकास कार्यालयातला कुणी साहेब. एप्रिलअखेरीपासून जूनपर्यंत मात्र पाठीवर सॅक, गळ्यात ओळखपत्र आणि हातात गुळगुळीत कागदाच्या पुस्तिकांचा गठ्ठा घेतलेली माणसं येतात. कुणी हैदराबादच्या आसपासच्या इंजिनिअरिंगवाल्यांचा, कुणी नर्सिंगवाल्यांचा, कुणी खाजगी विद्यापीठाचा, तर कुणी सीमा ओलांडून चंद्रपूर जिल्ह्यातून आलेला. त्यांच्या ओळखपत्रावर पीआरओ असतं, अॅडमिशन कौन्सेलर असतं, एरिया मॅनेजर असतं. आमची पोरं सगळ्यांना एकाच नावाने ओळखतात, कालेजवाले.

त्यांचा मुक्काम माझ्या दुकानात पडतो. माझं मीसेवा केंद्र आहे आणि त्याच खोलीत झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म असा सगळा पसारा. बारावी झालेलं लेकरू इथे एकदा तरी येतंच. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, ईपासवर शिष्यवृत्तीचा अर्ज. तेलंगणात डिग्रीचे प्रवेश २०१६पासून 'दोस्त' या एकाच ऑनलाइन व्यवस्थेतून होतात. दोनशे रुपये भरून नाव नोंदवायचं, आणि आधारला मोबाइल जोडलेला नसला तर मीसेवात येऊन अंगठा द्यायचा. मानकापूर, ताडीहत्नूर, खैरदटवा, तिकडे लोकारी, झरी, या गावांतल्या आणि तांड्या-गुड्यांवरच्या किती जणांचा चालू नंबर आधारला जोडलेला असेल? बापाने कधीतरी एक सिम घेतलं, ते हरवलं, दुसरं घेतलं. त्यामुळे सगळी माझ्या अंगठ्याच्या यंत्रापुढे येऊन उभी राहतात. कालेजवाल्यांना हे पक्कं ठाऊक असतं.

पहिली मागणी ठरलेली. "अन्ना, यंदाची लिस्ट द्या ना." म्हणजे नावं आणि फोन नंबर. नाही म्हटलं की आवाज खाली येतो आणि एका प्रवेशामागे किती मिळतील ते सांगितलं जातं. डिग्रीला कमी, इंजिनिअरिंगला जास्त, नर्सिंगला सगळ्यांत जास्त. मी यादी देत नाही, पैसेही घेत नाही. यात थोरपणा काही नाही. प्रवेश फसला तर पोराचा बाप बाजारच्या दिवशी माझ्याच दारात उभा राहील, आणि मला गाव सोडून कुठे जायचं नाही. पण यादी देत नाही म्हणून त्यांना हाकलूनही देता येत नाही. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. पंख्याखाली खुर्ची असते, माठात पाणी असतं, ते बसतात. माणूस चार वाजेपर्यंत बसला की पुस्तिकेत नसलेलं बोलायला लागतो.

त्यातला एक टायवाला पोरगा मला चांगला आठवतो. करीमनगरकडचा, विशीतला. त्या उन्हात टाय काढायला तयार नव्हता, कारण रोज सकाळी टायसकट सेल्फी काढून ग्रुपवर टाकायचा, त्यात मागे गावाच्या नावाची पाटी दिसली पाहिजे, असा वरच्यांचा हुकूम. ज्या कॉलेजची तो जाहिरात करत होता त्याच कॉलेजातून तो बीटेक झालेला. "मग नोकरी?" मी विचारलं. तो हसला. "हीच की, अन्ना." कॅम्पसमधून प्लेसमेंट झालेल्यांच्या यादीत त्याचंही नाव होतं, कारण कॉलेजनेच त्याला पीआरओ म्हणून घेतलं होतं. पुस्तिकेतल्या त्या यादीवर बोट ठेवून त्याने स्वतःचा फोटो मला दाखवला. खाली कंपनीचं नाव नव्हतं, नुसतं 'प्लेस्ड' लिहिलेलं.

त्याच्या पगाराचा अर्धा भाग प्रवेशांच्या आकड्याला बांधलेला होता. आकडा पुरा झाला नाही की तो अर्धा अडकायचा. त्या वर्षी आमच्या भागातल्या एका पोराचा ओरिजिनल मेमो आणि टीसी त्याने 'व्हेरिफिकेशनला' म्हणून नेली, वर थोडे पैसेही. पोराला दुसरीकडे सरकारी समुपदेशनाच्या, म्हणजे कन्व्हीनर कोट्यातून जागा लागली, तेव्हा कागद परत मिळेनात. यूजीसीने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलेलं आहे की संस्थेने मुलाची मूळ प्रमाणपत्रं स्वतःकडे ठेवायची नाहीत, तपासून लगेच परत द्यायची. ते पत्रक मी छापून बापाच्या हातात दिलं. बाप ते घेऊन हैदराबादला गेला, दिवसभर कॅम्पसच्या गेटवर बसला आणि कागद घेऊन आला. पैसे मात्र आले नाहीत. टायवाल्याचा फोन बंद.

पुढच्या मे महिन्यात तोच पोरगा माझ्या दारात. टाय बदललेला, ओळखपत्र बदललेलं, कॉलेज बदललेलं. मी विचारलं तेव्हा त्याला संकोच वाटल्याचं दिसलं नाही. "ते लास्ट इयरचं कालेज, अन्ना. यंदा हे." मग चहा पिताना सांगितलं की जुन्या कॉलेजकडे त्याचाही तीन महिन्यांचा पगार अडकलाय आणि त्याचेही मूळ कागद तिथेच आहेत. हे खरं की खोटं, मला कळायला मार्ग नव्हता. पण सांगताना त्याने ज्या बारकाव्याने त्या ऑफिसातलं कपाट, कुलूप आणि चावी ठेवणारा क्लार्क यांचं वर्णन केलं, त्यावरून मला ते खरंच वाटलं.

या पोरापासून मी एक गोष्ट शिकलो आणि ती मग सगळ्यांना लावून पाहू लागलो. समोरचा चांगला की वाईट, हे त्याच्या बोलण्यावरून कळत नाही. त्याचा पगार कशावर मोजतात, हे कळलं की बाकीचं आपोआप कळतं. इंजिनिअरिंगच्या खाजगी कॉलेजात सत्तर टक्के जागा कन्व्हीनर कोट्यातून, सरकारी समुपदेशनाने भरतात, तीस टक्के मॅनेजमेंटच्या. फी परतीची सरकारी योजना कन्व्हीनरच्या जागेला. मॅनेजमेंटच्या जागेला नाही आणि मागाहून भरलेल्या स्पॉट जागेलाही नाही. समुपदेशनाने भरलेल्या जागेचं श्रेय पीआरओला मिळत नाही. म्हणजे ज्या पोराला ईएपीसेट या प्रवेशपरीक्षेच्या रँकवर फुकटात जागा मिळेल, त्यालाही "कशाला थांबतोस, आत्ताच पक्की करून टाक" असं सांगण्यात त्याचा पगार असतो. तो दुष्ट नसतो. त्याचा हिशेबच तसा लावून दिलेला असतो.

स्कॉलरशिप टेस्टचंही तेच. एका शाळेच्या वर्गात वीस प्रश्नांची परीक्षा झाली आणि बसलेल्या झाडून सगळ्या पोरांना पन्नास टक्के सवलत लागली. एका पोराने सगळ्यांत 'क' लिहिलं होतं. त्यालाही लागली. त्याने ते प्रमाणपत्र माझ्याकडून लॅमिनेट करून घेतलं, मी त्याचे पैसे घेतले नाहीत.

सीमेपलीकडून येणारे मात्र निराळे. राजुरा आणि किनवट हे तालुके १९५६पर्यंत आमच्याच आदिलाबाद जिल्ह्यात होते. भाषावार प्रांत झाले तेव्हा ते तिकडे गेले. त्यामुळे तिकडची माणसं इथे आली की पाहुणे आल्यासारखी येतात, सोयरीक निघतेच. हे पीआरओ नसतात. हे खरोखरीचे शिक्षक असतात, अनुदानित कॉलेजातले मराठीचे, इतिहासाचे, राज्यशास्त्राचे. पटसंख्या घटली की तुकडी जाते, तुकडी गेली की शिक्षक अतिरिक्त ठरतो, आणि मग त्याला कुठे पाठवतील याचा नेम नाही. म्हणून सुट्टीत स्वतःच्या मोटारसायकलवर, स्वतःच्या पेट्रोलने हे वाडी-वस्ती फिरतात. जिवतीच्या डोंगरपट्टीतून उतरून आमच्याकडे येतात.

असे एक सर. पन्नाशीचे, डोक्याला ओला रुमाल, डब्यात ज्वारीची भाकर आणि ठेचा. विषय इतिहास. दुपारी ते माझ्या दुकानात डबा उघडायचे आणि मला आग्रहाने खायला घालायचे. निजामाविरुद्ध लढलेल्या कोमरम भीमाबद्दल, १९८१ साली इंद्रवेल्लीत गोंडांवर झालेल्या पोलिसांच्या गोळीबाराबद्दल त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत. इंद्रवेल्लीचा स्तंभ पाहायचा म्हणून एकदा वाट वाकडी करून गेलेही. प्रवेशाबद्दल बोलायची वेळ आली की मात्र हा माणूस बारीक व्हायचा. "भाऊ, मले हे काम जमत नाही," म्हणायचे. "पोराच्या बापापुढे बसतो अन् वाटते की आपण लग्नातला दलाल झालो."

मानकापूरकडच्या तांड्यावरची एक मुलगी होती. बारावीला बायपीसी, म्हणजे जीवशास्त्राचा गट घेतलेली, मार्क चांगले. तिची मावशी यवतमाळ जिल्ह्यात दिलेली, त्यामुळे घरच्यांना मुलगी तेलुगू मुलखात दूर पाठवण्यापेक्षा महाराष्ट्रात बरी वाटत होती. सरांनी तिच्या बापाला सांगितलं होतं की पोरगी एसटी आहे, फी माफ, शिष्यवृत्ती, वसतिगृह, सगळं होईल. बाप दाखल्याची प्रत काढायला माझ्याकडे आला, सरही बसलेले होते.

मी दाखला हातात घेतला आणि म्हटलं, "सर, हा तिकडे चालायचा नाही."

"काहून?"

आमच्याकडे लंबाडा, म्हणजे बंजारा, १९७६च्या दुरुस्तीपासून अनुसूचित जमातीत आहेत. महाराष्ट्रात तोच समाज विमुक्त जातींत धरला जातो, अ गटात. मुलीचा आजा आणि मावशीचा आजा एकाच तांड्यावर वाढलेले असले तरी पैनगंगा ओलांडली की कागद बदलतो. सरांनी लगेच दुसरी वाट काढली, मग तिकडचा व्हीजेचा दाखला काढू. तोही निघायचा नाही, कारण घर इथलं, दहावी-बारावी इथली. राखीव जागा राज्य आपल्या रहिवाशांना देतं. दोन्ही राज्यांत एसटी असलेल्या गोंडाच्या किंवा आंधाच्या पोरालाही तिथल्या सरकारच्या जागेवर इथल्या दाखल्याने हक्क सांगता येत नाही. ते पोरगं तिथे खुल्या वर्गातलं, परराज्यातलं.

सर म्हणाले, पण सीमाभागातल्या मराठी मुलांना महाराष्ट्र सवलत देतो ना? देतो. कर्नाटकाशी वाद असलेल्या ८६५ गावांतल्या मुलांना देतो. बेळगाव, निपाणी, बिदर, भालकीच्या मराठी मुलाला महाराष्ट्राच्या प्रवेश नियमांत वेगळा रकाना आहे. आमच्यासाठी रकाना नाही, कारण आमच्याबद्दल वाद नाही. जिवती आणि केरामेरी यांच्यामधल्या ज्या गावांवर दोन्ही राज्यं हक्क सांगतात, तिथल्या लोकांकडे दोन्हीकडची रेशनकार्डं आणि दोन्हीकडची मतदार ओळखपत्रं असतात, त्यांचं निराळं. नार्नूर बिनवादाचं तेलंगणात आहे. मराठी बोला, मराठी शाळेत शिका, लग्नं पुसद-माहूरला लावा, कागद तेलंगणाचा.

याची दुसरी बाजू आणखी वाईट. इथल्या व्यावसायिक कॉलेजांत पंच्याऐंशी टक्के जागा स्थानिकांच्या. स्थानिक ठरायचं ते सर्वसाधारणपणे बारावीपर्यंतची सलग चार वर्षं इथे शिकल्यावर. दहावी झालेलं पोरगं मामाच्या गावी म्हणून दोन वर्षं तिकडे अकरावी-बारावीला गेलं, की इथला स्थानिकपणा तुटतो आणि तिकडचा लागत नाही. माझ्या काउंटरवर अशी पोरं येतात. त्यांना काय सांगायचं, हे मला अजून नीट जमत नाही. मी रकाने भरत राहतो आणि ती पडद्यावर 'नॉन-लोकल' उमटताना बघतात.

सर बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी बापाला म्हटलं, "मामा, मी जे सांगलो ते चुकीचं होतं. पोरगी इथेच घाला." त्यांच्या तुकडीत त्या वर्षी ती एक कमी झाली. मुलगी आता हैदराबादला नर्सिंगला आहे, कन्व्हीनरच्या जागेवर. सर पुढच्या उन्हाळ्यात आले ते वही घेऊन. कोणता समाज कोणत्या राज्यात कशात मोडतो हे त्यांनी माझ्यासमोर बसून दोन रकान्यांत लिहून काढलं, इतिहासाच्या नोट्स काढाव्यात तसं, तळाला तारीख घालून. त्यानंतर ते आमच्या दहावीच्या पोरांकडे अकरावीसाठी फिरकले नाहीत. डबा खायला मात्र येतात.

खाजगी विद्यापीठाच्या एक ताई होत्या, त्यांच्यामुळे मला या धंद्याचं माजघर दिसलं. हैदराबादच्याच, घरात मराठी, शाळा जांबबागच्या विवेकवर्धिनीत. पहिल्या दिवशी त्या गाडीतून उतरल्या आणि माझ्याशी तेलुगूत बोलल्या, मग मला फोनवर बायकोशी मराठीत बोलताना त्यांनी ऐकलं आणि दचकून म्हणाल्या, "अहो दादा, तुम्ही आपले!" मग दर वेळी दुकानात येऊन पाय पसरून बसायच्या.

त्यांच्या लॅपटॉपवर पोरं रंगांत मांडलेली होती. ज्याने फोन उचलला तो पिवळा, ज्याने पुस्तिका मागितली तो केशरी, ज्याने नोंदणीचे पैसे भरले तो हिरवा, आणि जो तीनदा नको म्हणाला तो राखाडी. राखाडी पोरालाही जूनअखेर पुन्हा फोन करायचा असतो, कारण तोवर बाकीची दारं बंद झालेली असतात आणि पोरगं घाबरलेलं असतं. हे त्यांनी मला इतक्या सहज सांगितलं की मला क्षणभर काही सुचलं नाही. माझ्या दुकानातून गेलेल्या एका पोराचं नाव त्यात मी ओळखलं. त्याचा नंबर त्यांना कुठून मिळाला विचारलं, तर म्हणाल्या, "विकत मिळतात दादा. अख्ख्या जिल्ह्याचे. तुम्ही लिस्ट देत नाही म्हणून तुमच्यावर कुणी रागावत नाही, ते यासाठीच."

माझं यादी न देणं इतक्या स्वस्तात निकाली निघालेलं पाहून मला हसूच आलं.

पण ताई कामाच्या होत्या. त्या पोरांना विचारायच्या, वसतिगृहात कधी राहिलास का, इंग्रजीत शिकवलेलं कळेल का, घरी दर महिन्याला किती पैसे पाठवता येतील. फी परवडणार नाही असं दिसलं की पुस्तिका मिटवायच्या आणि म्हणायच्या, तू 'दोस्त'वर उतनूरची सरकारी डिग्री टाक. एका पोरीला त्यांनी मुलुगूच्या सम्मक्का-सारक्का केंद्रीय आदिवासी विद्यापीठाची माहिती शोधून दिली. २०२३च्या डिसेंबरात संसदेत त्याचा कायदा झाला तेव्हाची बातमी मी वाचली होती, पण तिथला माणूस नार्नूरला कधी आला नाही. बासरच्या ट्रिपल आयटीतूनही येत नाही. २००८पासून ती संस्था आहे, दहावीच्या मार्कांवर सहा वर्षांचा कोर्स, सरकारी शाळेतल्या पोराला गुणांत थोडी भर. त्यांना यायची गरज काय? जिथे जागेपेक्षा अर्ज जास्त, तिथला माणूस उन्हात कशाला फिरेल. म्हणून आमच्या पोरांना गावात चालून आलेल्या कॉलेजांचीच नावं पाठ असतात, आणि न आलेल्यांची माहिती ताईंसारखी एखादी, पगार दुसऱ्याचा खाताना, देऊन जाते.

दोन हंगामांनंतर ताई आल्या नाहीत. फोन केला तर म्हणाल्या की कन्व्हर्जन कमी पडलं. आता त्या सिकंदराबादला एका विमा कंपनीत आहेत आणि तिथेही रंग तेच आहेत.

त्या गेल्यावर मी काउंटरवर एक कागद चिकटवला, तेलुगू आणि मराठीत. कालेजवाल्याला विचारायचे प्रश्न. जागा कन्व्हीनरची की मॅनेजमेंटची. ओरिजिनल कशाला हवेत आणि घेतल्याची पावती देणार का. पावतीवर नाव कॉलेजचं की एजन्सीचं. तुमचा पगार कॉलेज देतं की दुसरं कुणी. आणि परराज्यातलं कॉलेज असेल तर माझा हा दाखला तिथे चालतो, हे लिहून देता का. आयाबाया तो कागद पोरांकडून वाचून घ्यायच्या. नार्नूरचे एक हेडमास्तर त्याच्या पन्नास झेरॉक्स घेऊन गेले, पैसे देऊन.

कालेजवाल्यांनीही त्याचे मोबाइलवर फोटो काढले. मागच्या मे महिन्यात एक नवी मुलगी आली आणि आईबापांनी तोंड उघडायच्या आत तिने पाचही उत्तरं देऊन टाकली, त्याच क्रमाने, माझ्याच शब्दांत. ओरिजिनलच्या पावतीचा नमुनासुद्धा सॅकमध्ये तयार. मी तिच्यादेखत कागद खरडून काढला.

आता मी एकच विचारतो आणि तो प्रश्न कुठे लिहून ठेवलेला नाही. तुमच्याकडे आमच्या मंडलातलं जे पोरगं शिकतंय, त्याला आत्ता फोन लावा, स्पीकरवर. काही जण लावतात, आणि मग पलीकडून मेसच्या भाताबद्दल, लॅबबद्दल, न आलेल्या शिष्यवृत्तीबद्दल अर्धा तास ऐकायला मिळतं. काहींच्या मोबाइलला नेमकी तेव्हाच रेंज नसते. टॉवर माझ्या दुकानाच्या मागेच आहे.